आधी वास, मग दर्शन: घरात दुसरं मांजर आणताना

आमचा बाळ्या सहा वर्षांचा बोका. नसबंदी झालेला, पांढऱ्यावर भुरे ठिपके. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात पुढच्या सोप्यापासून मागच्या परड्यापर्यंत सगळं राज्य त्याचं. मागच्या पावसाळ्यात रिक्षा स्टॉपजवळ पाच-सहा महिन्यांची एक भाटी भिजून कुडकुडत बसलेली दिसली. ओढणीत गुंडाळून घरी आणली आणि थेट सोप्यात सोडली. "मी सांगतो ऐक, घटकाभर फिस्कारतील आणि गप बसतील," असं आत्ती म्हणाल्या, आणि मलाही ते पटलं. दहा सेकंदांत बाळ्या फुगून दुप्पट झाला, भाटी कपाटावर चढली, आणि मध्ये पडलेल्या माझ्या मनगटावर चार दात उमटले. सगळा इस्कोट.

मग पुन्हा पहिल्यापासून, नीट सुरुवात केली. दोघं एका खोलीत मोकळी फिरायला सव्वीस दिवस लागले. काही घरांत आठवड्यात जमतं, काही घरांत दोन-तीन महिने जातात. तेव्हा आज आणलं आणि रविवारपर्यंत गळ्यात गळा, असा हिशोब मनात असेल तर तो आधी पुसून टाका.

भांडण कशाचं असतं

आपण पाळतो त्या मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिकेतलं रानमांजर. ते एकट्याने शिकार करतं. एका उंदरात एकाचंच पोट भरतं, त्यामुळे वाटेकरी ही त्याला सोय नसते, अडचण असते. शिवाय एकट्या शिकाऱ्याला जखम परवडत नाही. पाय दुखावला की उपाशी राहायची वेळ. म्हणून मांजरं शक्यतो समोरासमोर येणंच टाळतात, आणि त्यासाठी जागोजागी वास ठेवून जातात. गाल, हनुवटी, कपाळ, पंजे, शेपटीचं मूळ, सगळीकडे वासाच्या ग्रंथी असतात. बाळ्या रोज सकाळी गॅसची टाकी, माझी चप्पल आणि मामांच्या खुर्चीचा पाय यांना गाल घासतो. आम्हाला वाटायचं लाडात आलाय. खरं तर तो सातबारा लिहीत असतो.

वास नीट वाचायला मांजराच्या टाळूत वेगळं इंद्रियही असतं. काहीतरी हुंगून मांजर तोंड अर्धवट उघडं ठेवून क्षणभर भांबावल्यासारखं बघतं ना, तेव्हा ते हेच इंद्रिय वापरत असतं. किळस आलेली नसते.

आता विचार करा. स्वतःच्या वासाने भरलेल्या घरात अचानक एक परका देह, परका वास घेऊन, मधोमध. मांजराच्या लेखी हा पाव्हणा नव्हे, दरोडा. आपण माणसांची ओळख करून देतो तशी समोर उभं करून, नाव सांगून ती करायची नसते. आधी कित्येक दिवस नुसता वास, मग लांबून दर्शन, आणि भेट सगळ्यात शेवटी. पुढचं सगळं या एवढ्यावर उभं आहे.

आणण्याआधी एकदा

"एकटं आहे बिचारं, सोबत हवी" या एवढ्याच कारणासाठी दुसरं आणू नका. खाऊन-पिऊन, खेळून, उन्हात लोळून सुखी असलेलं मांजर एकटं असतं, पण एकाकी असेलच असं नाही. घरचं मांजर बारा-तेरा वर्षांचं, सांधे धरलेलं, दिवसभर झोपणारं असेल तर दोन महिन्यांचं पिल्लू त्याच्या म्हातारपणाचा खेळखंडोबा करतं. वय आणि अंगातली रग जुळली पाहिजे, रंग आणि डोळे जुळले नाहीत तरी चालतं. तरण्या, खेळकर बोक्याला तसाच खेळकर गडी बरा. आणि घरात अजून एकही मांजर नसेल व पुढे दोन हवीत अशी इच्छा असेल, तर एकाच वेताची दोन भावंडं एकदम आणा. या लेखातली निम्मी कसरत वाचेल.

वेळही बघा. गणपती आणि दिवाळीच्या आसपास सुरुवात नको. आपल्याकडे अनंत चतुर्दशीची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. महाद्वार रोडच्या आसपास राहणाऱ्यांना खिडक्यांच्या काचा कशा थरथरतात ते सांगायला नको. त्या आवाजात जुनं मांजरच पलंगाखालून निघत नाही, नव्याचं काय होणार?

पहिला मुक्काम: डॉक्टर

नवं मांजर घरी नेण्याआधी जनावरांच्या डॉक्टरांकडे, किंवा फार तर दुसऱ्या दिवशी. मी हे उलटं केलं होतं, तुम्ही करू नका. कान, कातडी, दात, पिसवा, जंत तपासून घ्या. रस्त्यावरच्या मांजरांत कानातले किडे आणि गजकर्ण सर्रास असतात, आणि गजकर्ण घरातल्या पोरांनाही होतं. एफआयव्ही (मांजरांचा एड्स) आणि एफईएलव्ही (मांजरांचा ल्युकेमिया) या दोन विषाणूंची रक्तचाचणी करा. संसर्ग अगदी नवा असेल तर पहिल्या चाचणीत सापडत नाही, म्हणून काही आठवड्यांनी डॉक्टर पुन्हा बोलावतील, टाळू नका.

लसींचं गणित थोडक्यात असं: पिल्लाला साधारण आठ आठवड्यांपासून तिहेरी लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे डोस, आणि तीन महिने झाले की रेबीज. तिहेरी लशीतला पॅनल्यूकोपेनिया हा रोग पिल्लांचा काळ आहे. उलट्या, जुलाब, आणि बघता बघता पिल्लू हातचं जातं. त्याचा विषाणू खोलीत वर्षभर तग धरू शकतो. तुमच्याकडे गेल्या वर्षभरात असं मांजर गेलं असेल तर लस पूर्ण न झालेलं पिल्लू त्या घरात आणू नका. आणि नव्याच्या लसींच्या नादात जुन्याची रेबीजची तारीख उलटून गेलेली नाही ना, हे बघा. बाळ्याची उलटली होती.

नसबंदी दोघांची हवीच. भाटी चार-पाच महिन्यांतच माजावर येऊ शकते आणि जेमतेम नऊ आठवड्यांत पिल्लं होतात. बोक्याचं ऑपरेशन झालं तरी पुढचे काही आठवडे त्याच्याकडून गाभ राहू शकतो, तेवढे दिवस त्याला भाटीपासून लांब ठेवा. नसबंदी न झालेला बोका भिंतीवर धार मारतो, त्या वासाने दुसऱ्याचं डोकं फिरतं, आणि मग आपण "यांचं पटतच नाही" म्हणत बसतो.

वेगळी खोली

नव्या मांजराला दार बंद होईल अशी एक खोली द्या, किमान दोन आठवडे. एकीकडे रोग लपलेला असेल तर तो या काळात बाहेर येतो, दुसरीकडे वासाची ओळख इथूनच सुरू होते. आमच्याकडे माडीवरची खोली होती. खोली निवडताना जुन्या मांजराची लाडकी जागा घेऊ नका. ज्या खिडकीत ते रोज ऊन खातं तीच खोली पाव्हण्याला दिली तर पहिल्या दिवशीच खटला दाखल.

खोलीत काय हवं: एका कोपऱ्यात खाणं, त्याच्यापासून लांब पाणी, आणि सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात शौचाचं घमेलं. लपायला एक खोका, त्याला दोन्ही बाजूंनी भोक पाडलेलं, म्हणजे कोंडीत सापडल्यासारखं वाटत नाही. चढायला एखादं टेबल किंवा जुनी ट्रंक. कपाटात डांबराच्या गोळ्या असतील तर काढून टाका, त्या मांजराला विषारी. काळं फिनेलही विषारी, आणि ते पुसलेल्या फरशीवर चालून मांजर पंजे चाटतं. फरशी साध्या साबणाच्या पाण्याने पुसा.

फुलेवाडीला एका खोलीत राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीने जागेअभावी मोठा पिंजरा घेतला, तीन बाजूंनी चादर टाकली आणि तो न्हाणीघराजवळच्या कोपऱ्यात ठेवला. जमलं, पण वेळ दुप्पट लागला, कारण पिंजऱ्याला वास आणि आवाज अडत नाहीत. बाल्कनी वापरायची तर ती आधी जाळीने पक्की बंद करा. घाबरलेलं मांजर तिसऱ्या मजल्यावरूनही उडी टाकतं.

पहिल्या दोन दिवसांत नवं मांजर खोक्यातून निघणार नाही. त्यात काळजीचं कारण नाही, ओढून काढू नका एवढंच. खोलीत जाऊन जमिनीवर बसा, मोबाइल बघा, पेपर वाचा. डोळे रोखून बघू नका; नजरानजर झाली तर सावकाश डोळे मिटा आणि उघडा. मांजरांच्या भाषेत याचा अर्थ "माझ्याकडून काही नाही." खाणं मात्र मोजा. पूर्ण एक दिवस तोंडात घास गेला नाही तर डॉक्टरांना फोन. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की यकृतावर चरबी चढते आणि ते दुखणं जिवावर बेततं. पिल्लासाठी तर एक दिवससुद्धा वाट बघू नका.

दुधाचं एक सांगते. गंगावेशच्या कट्ट्यावरचं ताजं म्हशीचं दूध माणसाला लई भारी, पण बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही. पाव्हणचार म्हणून वाटीभर पाजाल आणि रात्रभर जुलाब काढत बसाल. स्वच्छ पाणी ठेवा.

वासाची देवाणघेवाण

तिसऱ्या-चौथ्या दिवशी, नवं मांजर खाऊ-पिऊ लागलं की हे सुरू करा. जुन्या मऊ सुती लुगड्याचे चार तुकडे करा. एकाने नव्याच्या गालावरून आणि हनुवटीवरून हळूच हात फिरवा, जसं कौतुक करतोय. तो तुकडा जुन्याच्या वाटीपासून तीन-चार फुटांवर ठेवा. जुन्याच्या गालाचा तुकडा तसाच माडीवर. तुकडा उचलून मांजराच्या नाकाला लावू नका, आणि त्याच्या अंगाला तर मुळीच चोळू नका. तो जमिनीवर पडलेला असू दे, ज्याला हुंगायचं तो हुंगेल.

बाळ्याने पहिल्या दिवशी फडक्याला फिस्कारलं, पंजा मारला, आणि रागाने जाऊन फ्रिजवर बसला. हे ठीक आहे. फडकं लांब सरकवलं. दुसऱ्या दिवशी त्याने बाजूने चक्कर मारली. पाचव्या दिवशी त्याच फडक्यावर बसून पाय चाटत होता. हीच खूण आपल्याला हवी असते: वास आहे, पण त्याची बातमी उरलेली नाही. तोवर पुढे जाऊ नका.

त्यानंतर जागांची अदलाबदल. जुन्याला एका खोलीत नेऊन बंद करा, नव्याला घरभर अर्धा तास फिरू द्या. मग उलट: नवं दुसरीकडे आणि जुनं माडीवर. एकमेकांना दिसायचं नाही, फक्त एकमेकांच्या जागेत वावरायचं. भाटीला, म्हणजे एव्हाना तिचं नाव चिमी पडलं होतं, घराच्या वाटा आणि लपायच्या जागा या फेऱ्यांतच कळल्या. पुढे खरी गाठ पडली तेव्हा ती भांबावून कपाटावर चढली नाही, सरळ शिवणयंत्राखाली गेली. हा भाग लोक हमखास गाळतात आणि मग पस्तावतात.

बंद दाराशी जेवण

हे वासाच्या दिवसांतच सुरू करता येतं. माडीच्या बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दोघांच्या वाट्या, सुरुवातीला दारापासून सहा-सात फुटांवर. दोघं निवांत खातात का बघा. खातात, तर दुसऱ्या दिवशी वीतभर जवळ. मान वर करून दाराकडे टक लावली, किंवा घास सोडून निघून गेलं, तर कालच्या जागी परत. हे सरकवणं कंटाळवाणं आहे. पण परक्याचा वास आला की पोटात चांगलं काहीतरी पडतं, ही गाठ दोघांच्या डोक्यात बसवायला याहून सोपी युक्ती मला सापडली नाही.

खाऊ असा ठेवा जो एरवी मिळत नाही. आमच्याकडे रविवारी मटण किंवा चिकन येतंच. फोडणीला टाकण्याआधी चार तुकडे नुसत्या पाण्यात शिजवून बाजूला काढते. मीठ-मसाला काही नाही. तांबडा-पांढऱ्यातला तुकडा धुऊनसुद्धा देऊ नका, कांदा-लसूण मांजराच्या रक्ताला बाधतो. शिजलेली हाडंही नकोत.

जाळीतून दर्शन

दाराला चिकटून दोघं शांत जेवू लागली की मग दर्शन. आम्ही उद्यमनगरातल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून दाराच्या मापाची तारेच्या जाळीची चौकट करून घेतली. "वैनी, कुत्र्यासाठी का?" असं त्याने विचारलं, मांजरासाठी म्हटल्यावर बराच वेळ हसला. डासांची नायलॉनची जाळी चालणार नाही, एका पंजात फाटते. जाळी करणं शक्य नसेल तर दार बोटभर उघडं राहील असं अडणा लावून घट्ट ठेवा.

पहिल्या दिवशी जाळीवर चादर टाकून खालून फक्त वीतभर मोकळी ठेवा. दोघांना लांब लांब खायला द्या. पाच मिनिटं झाली की चादर सोडा, दार बंद. दिवसातून दोन-तीनदा. सगळं शांत असतानाच थांबवायचं. भांडण होईपर्यंत ताणायचं नाही.

या काळात एक-दोन वेळा फिस्कारणं होईलच. फिस्कारणं म्हणजे "जवळ येऊ नकोस," आणि ते सांगायचा त्याला हक्क आहे. ओरडू नका, पाण्याचा फवारा मारू नका. शिक्षा केली तर दोष नव्या मांजराच्या खात्यावर पडतो: हे दिसलं की मला ओरडा बसतो. काळजी करायची ती वेगळ्याच गोष्टीची. एकाने पापणी न हलवता रोखून बघणं, अंग जमिनीला टेकवून शेपटीचं टोक थडथड आपटणं, कान मागे चपटे, आणि घशातून वर चढत जाणारा लांब आवाज. असं दिसलं की दोघांच्या मध्ये उशी किंवा पुठ्ठा सरकवा आणि दर्शन संपवा. दुसऱ्या दिवशी एक पायरी मागे.

दार उघडताना

जाळीपाशी सलग तीन-चार दिवस दोघं खाऊन तिथेच अंग चाटत बसली की दार उघडायला हरकत नाही. आधी दोघांना दमवा. सुतळीला बांधलेलं पीस घेऊन वेगवेगळं खेळवा, मग खायला घाला. (खेळून झालं की सुतळी उचलून ठेवा. गिळली तर आतड्याचं ऑपरेशन.) घरात माणसं कमी, टीव्ही बंद, शेजारची पोरं नकोत. नखं आदल्या दिवशी कापलेली. खोलीत पळायच्या दोन वाटा आणि चढायच्या दोन जागा हव्यात.

मग दार उघडा आणि गप्प बसा. कुणालाही उचलून दुसऱ्याकडे नेऊ नका. पहिली भेट दहा मिनिटांची. बाळ्याने चिमीला लांबून हुंगलं, एकदा फिस्कारला, आणि पाठ करून बसला. पाठ करणं हे चांगलं लक्षण, कारण शत्रूकडे कुणी पाठ करत नाही.

पुढचा प्रश्न सगळ्यांना पडतो: हे खेळतायत की भांडतायत? कोल्हापूरकरांना हे समजावणं सोपं आहे. नुरा कुस्ती आणि खरी कुस्ती यांतला फरक आपल्याला लांबून कळतो. खेळात दोघं आळीपाळीने खालीवर होतात, मध्ये थांबतात, नख्या आत असतात, आणि आवाज जवळजवळ नसतो. ज्याला पाडलं तोच पुन्हा अंगावर जातो. खऱ्या लढतीत एकच सतत पाठलाग करतो, दुसरा सतत पळतो किंवा कोपऱ्यात अडकतो. केस उडतात, किंकाळी फुटते, कधी भीतीने लघवी होते. असं झालं तर "एकदा होऊन जाऊ दे, सोक्षमोक्ष लागेल" म्हणू नका. हे खासबागचं मैदान नव्हे. मांजरांत चितपट होऊन निकाल लागत नाही. हरलेलं मांजर घाबरून राहतं आणि प्रत्येक भेटीला तोच डाव नव्याने सुरू होतो.

लढत सोडवायला हात घालू नका, हे मनगट दाखवून सांगते. जाड चादर टाका, मोठा पुठ्ठा मध्ये घाला, किंवा ताट आपटा. चावा किंवा ओरखडा बसलाच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना काही लावू नका, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, रेबीजची लस मिळते. मांजराचे दात सुईसारखे असतात, वरून जखम बंद दिसते आणि आत पू होतो. मांजराने मांजराला चावलं तरी तेच. दोन-तीन दिवसांनी गळू वर येतं, म्हणून लढतीनंतर दोघांची अंगं चाचपून बघा.

लढतीनंतर दोघांना काही दिवस वेगळं ठेवा आणि पुन्हा फडक्यांपासून सुरुवात. या वेळी सगळं लवकर होतं, पण पायरी गाळायची नाही.

दोन आठवडे तरी आपण घरात नसताना आणि रात्री झोपताना दोघांना वेगळं कोंडा. तुम्ही बाहेर गेल्यावर काय झालं हे भिंतीवरच्या ओरखड्यांवरून शोधत बसायची हौस नसेल तर.

घमेलं, वाट्या आणि वाटणी

मांजरं जितकी, त्याहून एक घमेलं जास्त. दोन मांजरांना तीन, आणि तिन्ही एका रांगेत नकोत. एका रांगेत ठेवलेली तीन घमेली मांजराच्या हिशोबी एकच, कारण दारात एक जण बसला की सगळी बंद. घमेलं मांजराच्या लांबीच्या दीडपट. बाजारचं लिटर परवडत नसेल तर धुऊन वाळवलेली वाळू चालते. काही जण टिंबर मार्केटमधून भुसा आणतात, तो बारीक धुळीचा नको. जुन्याला ज्याची सवय आहे ते मात्र या गडबडीत बदलू नका. घाण रोज काढा. मांजराच्या विष्ठेतून पसरणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीच्या अंड्यांना संसर्गजन्य व्हायला किमान एक दिवस लागतो, म्हणून रोजची सफाई हीच खरी खबरदारी. घरात गरोदर बाई असेल तर हे काम दुसऱ्याने करावं.

वाट्या लांब लांब, शक्यतो एकमेकांना न दिसतील अशा. आणि जुन्याचं काहीही कमी करू नका. बाळ्या रोज रात्री मामांच्या पायाशी झोपतो, सकाळी माझ्याआधी त्याला खायला लागतं. चिमी आल्यावरही आधी त्याची वाटी, मग तिची. नवं मांजर गोंडस असतं, येणारा-जाणारा त्यालाच उचलतो, आणि जुनं दारात बसून बघत असतं. आत्ती याबाबत माझ्याहून कडक निघाल्या. "आधी थोरल्याचं," म्हणायच्या, आणि पाहुण्यांनाही बाळ्याच्या डोक्यावरून हात फिरवल्याशिवाय चिमीकडे जाऊ देत नसत.

बिनसलेलं कसं ओळखायचं

सगळी भांडणं आवाजाची नसतात. एक मांजर जिन्याच्या मधल्या पायरीवर नुसतं बसून राहतं, आणि दुसरं त्या वाटेने जाणं सोडतं. आपल्याला वाटतं किती शांत झालीत. प्रत्यक्षात एकाने नाकाबंदी केलेली असते. कुणी घमेल्याबाहेर करू लागलं, दिवसभर माळ्यावर राहू लागलं, पोटावरचे केस चाटून चाटून काढू लागलं, तर एक पायरी मागे या आणि डॉक्टरांनाही दाखवा. बोका वारंवार घमेल्यात बसतोय, कण्हतोय, आणि थेंबही येत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. मूत्रमार्ग तुंबला की एक-दोन दिवसांत जीव जातो.

कधी कधी दोष तिसऱ्याचाच असतो. गल्लीतला दांडगा बोका खिडकीत येऊन बसतो, बाळ्याला त्याच्यापर्यंत पोचता येत नाही, आणि तो राग शेजारी बसलेल्या चिमीवर निघतो. त्या खिडकीच्या खालच्या अर्ध्या काचेला आम्ही कागद चिकटवला, आठवड्यात विषय संपला.

पुराच्या पट्ट्यात, म्हणजे सुतारवाडा, दुधाळी, शाहूपुरी कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नरच्या आसपास राहत असाल तर पावसाळ्याआधी दोन स्वतंत्र वाहतुकीचे पिंजरे घेऊन ठेवा. २०१९ आणि २०२१ साली ऐनवेळी पोत्यात मांजर भरायची वेळ लोकांवर आली होती. राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे चाललं की पिंजरे माळ्यावरून खाली काढा, आत रोजचं फडकं घाला. कितीही गट्टी असली तरी भेदरलेली दोन मांजरं एका पिंजऱ्यात कोंबू नका. परक्या जागी गेल्यावरही पहिले काही दिवस वेगळी ठेवा.

आणि एक, जे मला उशिरा कळलं. चिमीची नसबंदी करून संध्याकाळी घरी आणली, तर इतके दिवस तिच्याशी नीट वागणारा बाळ्या तिला बघून फुगला. चेहरा चिमीचा, वास दवाखान्याचा. तिला परत माडीवर ठेवली, तिचं जुनं फडकं अंथरलं, बाळ्याचंही एक शेजारी टाकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो दाराच्या फटीशी नाक लावून बराच वेळ हुंगत बसला, मग तिथेच कुशीवर आडवा झाला. तेव्हा कडी काढली.